कोरें पान आणि फाटलेलें पान : फिलिपाईन्समधील कांहीं स्वतंत्र चित्रपटांचें परीक्षण

हस्तलिखितांची पारख करणाऱ्यास दोन प्रकारचे अभाव नित्य भेटतात. एक फाटलेल्या पानाचा व दुसरा कोऱ्या पानाचा. फाटलेल्या पानावर मजकूर होता. तो कसरीनें, पाण्यानें अगर माणसाच्या हातानें नाहींसा झाला. कोऱ्या पानावर मजकूर कधींच नव्हता. लिहिणाऱ्यानें तेथें लेखणी थांबविली. याद्या करितांना आपण दोहोंपुढेंही 'त्रुटित' असा एकच शेरा मारून मोकळे होतों. वस्तुतः दोहोंविषयीं विचारावयाचे प्रश्न अगदीं निराळे आहेत. पहिल्याविषयीं 'येथें काय होतें व तें कोणीं काढिलें?' असें विचारावयाचें. दुसऱ्याविषयीं 'येथें लिहिणारा कां थांबला?' असें. ह्या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे संशोधक कोऱ्या पानावर आपल्या पदरचा मजकूर लिहूं लागतो आणि फाटलेल्या पानाचा तपास सोडून देतो.

हा भेद मनांत धरून प्रस्तुत लेखांत आम्ही फिलिपाईन्स द्वीपसमूहांतील कांहीं चित्रपटांचा विचार करणार आहों. इतिहासविषयक त्रैमासिकांत परदेशी चित्रपटांस जागा कां, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, ह्या चित्रपटांचा विषयच मुळीं कागद मागें न ठेवणारा आहे. पुरुषाची पुरुषाकडे असलेली ओढ, तीही कोवळ्या वयांतील, घरच्यांपासून झांकलेली आणि बहुधा ज्याच्याविषयीं आहे त्यालाही न सांगितलेली, हा तो विषय. अशा ओढीचें पत्र लिहिलें जात नाहीं. लिहिलें तर धाडलें जात नाहीं. धाडलें तर जपून ठेविलें जात नाहीं. आधारावांचून एक अक्षरही लिहावयाचें नाहीं असें ज्यांचें व्रत, त्या आपणां सर्वांस हा विषय म्हणूनच अडचणीचा आहे.

फिलिपाईन्समध्यें ही अडचण आणखी एका कारणानें वाढते. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ व्या कलमानें असले संबंध गुन्ह्यांत जमा केले होते. २००९ ते २०१३ हा काळ सोडल्यास, २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें कलम रद्द ठरवीपर्यंत तीच स्थिति होती. तो कायदा अन्यायाचा खरा. पण फिर्यादी, जबान्या व निकाल असा थोडा तरी कागद त्यानें मागें टाकिला. फिलिपाईन्समध्यें १९३२ पासून अंमलांत असलेल्या दंडसंहितेंत सज्ञान पुरुषांच्या खाजगी संबंधांस गुन्हा ठरविणारें कलम नाहीं. तेथें बंधन घातलें तें घरानें, शेजारानें आणि तीन शतकांहून अधिक काळच्या स्पॅनिश अमलांत रुजलेल्या कॅथलिक धर्मानें. घर व शेजार निकालपत्रें लिहीत नाहींत. सबब न्यायालयाच्या दफ्तरांतही ह्या विषयाचा शोध घेणाऱ्यास फारसें कांहीं हातीं लागण्यासारखें नाहीं.

ह्याचा अर्थ तेथील पडद्यावर असला पुरुष दिसतच नव्हता, असा मात्र नव्हे. 'बाक्ला' ह्या नांवानें ओळखला जाणारा बायकी वळणाचा, बडबड्या, चार लोकांस हंसविणारा पुरुष तेथील लोकप्रिय चित्रपटांत फार दिवसांपासून वावरत आला आहे. डॉल्फी ह्या विनोदी नटाचा १९६९ चा 'फासिफिका फालायफाय' हें त्याचें ठळक उदाहरण. परंतु ह्या पात्राच्या बडबडीमुळेंच दुसरा एक मनुष्य दृष्टीआड झाला. तो म्हणजे चारचौघांसारखाच दिसणारा, कोणालाही न हंसविणारा, गप्प बसलेला मुलगा. बोलक्यांची गर्दी झाली कीं मुक्याची नोंद राहून जाते, हा अनुभव दफ्तरें चाळणारांस नवा नाहीं.

तागालोग भाषेंत अशी ओढ उघड करण्यास जो वाक्प्रचार आहे तो येथें ध्यानांत घेण्यासारखा आहे. 'पाग्लालाद्लाद नांग कापा', म्हणजे अंगावरील झूल उलगडणें. १९९४ मध्यें नील गार्सिया व डांटन रेमोतो ह्यांनीं संपादिलेल्या समलिंगी लेखकांच्या संग्रहास 'लाद्लाद' हेंच नांव दिलें आहे. इंग्रजींत ह्याच अर्थीं कपाटाचा दाखला देतात: मनुष्य कपाटांत आहे व बाहेरच्यास त्याचा पत्ता नाहीं. तागालोग कल्पना अधिक सूक्ष्म आहे. झूल खांद्यावरच असते. ती घडी घातलेली असते एवढेंच. पाहणारास ती दिसते, पण तिचा पन्हा किती व वेलबुट्टी कोणती हें उलगडल्याखेरीज कळत नाहीं. म्हणजे येथील गुपित बहुधा सर्वांस ठाऊक असलेलें व कोणींही न बोललेलें असें असतें. पुढील चित्रपट समजण्यास ही एक किल्ली पुरेशी आहे.

प्रथम फाटलेलीं पानें पाहूं. लिनो ब्रोका ह्यांचा १९७१ च्या सुमाराचा 'तुबोग सा गिंतो' हा चित्रपट मार्स रावेलो ह्यांच्या चित्रकथेवर आधारलेला आहे. नांवाचा अर्थ 'सोन्यांत बुडविलेलें', अर्थात् मुलाम्याचें. नाणीं पारखणाऱ्या वाचकांस त्यांतील खोंच निराळी सांगावयास नको. बायको, मुलगा व पैसा पदरीं असलेला डॉन बेनितो पुरुषांविषयींची आपली ओढ लपवितो, आणि तिचा सुगावा लागलेला दिएगो त्यास धमकावून लुबाडतो. एड्डी गार्सिया ह्यांनीं बेनितोचें काम केलें. लपविणाऱ्या पुरुषास विनोदाच्या बाहेर काढून कथेच्या मध्यभागीं बसविलें, हें ह्या चित्रपटाचें श्रेय. परंतु येथें मौन हें कथेला पुढें ढकलणारें एक साधन आहे. तें मोडावें ह्यासाठींच तें घातलेलें असतें; मुलामा कसोटीवर घासून काढला कीं काम संपलें.

१९७२ मध्यें फेर्दिनांद मार्कोस ह्यांनीं लष्करी कायदा पुकारला. त्याच अमलांत इश्माएल बर्नाल ह्यांनीं १९८० मध्यें 'मनिला बाय नाइट' तयार केला. रात्रीच्या राजधानींतील नाना तऱ्हेचे लोक, त्यांत मॅनाय शेरॉन हा शिवणकलेंतील जाणता बाक्ला व त्याच्याभोंवतीं घोटाळणारे तरुण, असा त्याचा विस्तार आहे. परीक्षकांनीं चित्रपटास कात्री लाविलीच. शिवाय शहराचें नांवही निघालें. शीर्षक 'सिटी आफ्टर डार्क' असें झालें व संवादांतील मनिलाचा उल्लेख पुसण्यांत आला. १९८१ च्या बर्लिन महोत्सवाचें निमंत्रण असतांही चित्रपट देशाबाहेर जाऊं दिला नाहीं. पुढें १९८६ मध्यें मार्कोस गेले. राजवट बदलली, पण कात्री राहिली. ब्रोका ह्यांच्या १९८८ च्या 'माचो डान्सर' ह्या चित्रपटावर तीच पाळी आली. खेड्यांतून मनिलाच्या नाचघरांत पोटासाठीं आलेल्या तरुणांची ही कथा. तिची न कापलेली प्रत ब्रोका ह्यांनीं गुपचूप देशाबाहेर नेऊन कांहीं महोत्सवांत दाखविली, आणि तीं रिळें आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत आहेत.

मूळ संहिता परमुलखीं आणि घरीं खंडित नक्कल, हा प्रकार आपल्या वाचकांस चांगलाच परिचयाचा आहे. असल्या चित्रपटांवर लिहिणाऱ्यानें आपण कोणती प्रत पाहिली हें आधीं सांगितलें पाहिजे. तें न सांगतां जे टीकाकार दिग्दर्शकाच्या 'संयमाची' वाखाणणी करितात ते कात्रीचें श्रेय कर्त्यास देतात. फाटलेल्या पानाची स्तुति करणें हा फाडणाराचा गौरव होय.

आतां कोऱ्या पानांकडे वळूं. २००५ मध्यें मनिला येथें 'सिनेमालाया' हा स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. निवडलेल्या पटकथेस पांच लक्ष पेसोंचें साहाय्य द्यावयाचें व फिल्मऐवजीं अंकीय कॅमेऱ्यानें चित्रण करावयाचें, असा त्याचा मार्ग होता. खर्च उतरला तेव्हां सर्व कांहीं फोडून सांगण्याची बाजारी सक्तीही उतरली. ज्या चित्रपटाला गल्ला भरण्याची चिंता कमी, त्यास गप्प राहणें परवडतें. पहिल्याच वर्षीं त्या महोत्सवांत 'आंग पागदादालागा नि माक्सिमो ओलिव्हेरोस' हा चित्रपट आला. दिग्दर्शक औरेयस सोलितो, पटकथा मिचिको यामामोतो ह्यांची. २००६ मध्यें बर्लिन येथें त्यास 'टेडी' पारितोषिक मिळालें.

नांवापासूनच विचार करावा. तागालोग भाषेंत 'दालागा' म्हणजे उपवर मुलगी. 'पागदादालागा' म्हणजे मुलीचें वयांत येणें. मुलाच्या वयांत येण्यास 'पागबिबिनाता' असा निराळा शब्द आहे. कर्त्यांनीं मुलाच्या नांवापुढें मुलीचा शब्द ठेविला, व तो ठेवून झाल्यावर चित्रपटभर त्याचा खुलासा कोठेंही केला नाहीं. माक्सी हा बारा वर्षांचा मुलगा मनिलाच्या झोंपडवस्तींत बाप व दोन थोरले भाऊ ह्यांच्याबरोबर राहतो. आई नाहीं. स्वयंपाक, धुणें, घराची निगा तोच करितो व मुलीसारखा नटूनही हिंडतो. बाप व भाऊ चोऱ्यांवर जगतात, आणि त्याच्यावर जीव टाकितात. वस्तींत नवीन आलेला पोलीस शिपाई व्हिक्टर एका रात्रीं त्यास गुंडांच्या हातून सोडवितो. मुलाचें मन त्याच्याकडे ओढलें जातें. येथून कथेस दोन्हीकडून पेंच पडतो, कारण ज्याच्यावर माया बसली तो चोरांच्या घराचा वैरी आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, येथें मुलगा कांहींच लपवीत नाहीं. त्याची झूल उलगडलेलीच आहे व घरानें ती बिनबोभाट पत्करिली आहे. लपविलेली गोष्ट दुसरीच आहे, आणि ती म्हणजे भावाच्या हातून झालेला खून. पडद्यावर जी लाज वावरते ती ओढीची नव्हे, रक्ताची आहे. रूढ कथेंत ज्या जागीं मुलाचें 'पाप' असावयाचें तेथें कर्त्यांनीं घरच्या वडीलधाऱ्यांचा खरा अपराध ठेविला व मुलास निर्मळ ठेविलें. दुसरी गोष्ट व्हिक्टरची. तो मायाळू आहे, मर्यादा पाळणारा आहे, मुलाची भावना ओळखून त्यास दूर सारणारा आहे. ह्यापलीकडे त्याच्या मनांत काय आहे हें चित्रपट सांगत नाहीं. कित्येकांनीं तेथें हवा तो मजकूर भरला आहे. आमच्या मतें हें पान कर्त्यांनीं बुद्धिपुरःसर कोरें ठेविलें आहे, व मुलाचें वय पाहतां तें कोरें राहणें हेंच उचित होय. मुलाच्या ओढीची कथा सांगतांना मोठ्या माणसाच्या मनांत शिरावयाचें नाहीं हा नेम त्यांनीं शेवटपर्यंत पाळिला.

शेवटचा प्रसंग ह्याची साक्ष देतो. बापाचा खून झाला आहे. व्हिक्टर तेथें असूनही त्यानें तो थांबविला नाहीं. शाळेच्या वाटेवर तो मुलाची वाट पाहत उभा राहतो, आणि मुलगा न बोलतां त्याच्यावरून पुढें निघून जातो. कॅरोल रीड ह्यांच्या १९४९ च्या 'द थर्ड मॅन' ह्या चित्रपटाच्या प्रसिद्ध शेवटाची ही उघड आठवण आहे. नक्कल करणारा लेखनिक जेथें पाठ बदलतो तेथें त्याचें मन दिसतें, त्याप्रमाणें येथेंही पाहावें. मूळ चित्रांत प्रौढ स्त्री प्रौढ पुरुषास नाकारिते. येथें एक मूल आपल्या पहिल्या मायेस मागें टाकून शाळेंत जातें. आधींचें मौन शब्द नसल्यामुळें होतें. हें मौन शब्द असूनही न उच्चारल्याचें आहे. ह्या दोन मौनांमधील अंतर हेंच त्याचें वयांत येणें. नांवाचा खुलासा होतो तो येथें, आणि तोही शब्दाविना.

दुसरा चित्रपट 'टू कूल टू बी फरगॉटन', २०१६ सालचा. दिग्दर्शक पीटरसन वार्गास, लेखक जेसन पॉल लाक्समाना. 'सिनेमा वन ओरिजिनल्स' ह्या महोत्सवांत त्या वर्षीं तो सर्वोत्कृष्ट ठरला. कथेची भूमि पंपांगा प्रांत. जून १९९१ मध्यें तेथें पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, आणि त्याच वर्षअखेर क्लार्क येथील अमेरिकन विमानदळाचा तळ उठला. पुढें कित्येक वर्षें पावसाबरोबर राखेचा चिखल वाहत राहिला. १९९५ मध्यें त्यानें बाकोलोर गांव गाडलें. तेथील सान गिल्येर्मोचें जुनें देऊळ आज निम्में जमिनीखालीं आहे. इमारत खचली नाहीं. भोंवतालची जमीन वर आली. ह्या प्रांतांतील एका शाळेंत पहिला नंबर राखणारा व एकही मित्र नसलेला फेलिक्स शिकतो. गेलेल्या अमेरिकन बापाचे दोन मुलगे, मॅग्नस व मॅक्सिम, शाळेंत येतात, आणि फेलिक्सचें निवेदन आपणांस त्या दोघांभोंवतीं फिरवूं लागतें.

पूर्वार्ध उत्तम साधला आहे. फेलिक्सला आपल्या ओढीचें नांव ठाऊक नाहीं. ती त्याच्या पाहण्यांत मात्र आहे. तो दुसऱ्याच्या घराकडे, कपड्यांकडे, आपापसांतील बोलण्याकडे पाहतो, व आपणही पाहतांना त्याच्या बाजूनें पाहूं लागतों. मॅग्नस हवा कीं मॅग्नसप्रमाणें अमेरिकेच्या वाटेवरचा मनुष्य होणें हवें, ह्या दोन इच्छा त्याच्या ठायीं मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून दाखविण्याचा उतावळेपणा दिग्दर्शकानें केला नाहीं. तळ उठून गेलेल्या मुलखांत परक्याची हांव कशी मागें उरते, हें एका मुलाच्या नजरेंतून कळतें. दफ्तरांत न येणारा इतिहास तो हाच.

उत्तरार्धाविषयीं मात्र आमचा आक्षेप आहे. भावांच्या मनांतील आईच्या जिवावर उठणारा बेत कथेचा ताबा घेतो, आणि फेलिक्सचें अबोल मन दुसऱ्याच्या गुन्ह्याच्या गुपिताशीं बांधलें जातें. गुपित व अबोल ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. गुपितास मजकूर असतो. तो सांगतां येतो, विकतां येतो, धमकावण्यास वापरतां येतो. अबोल ओढीस अजून मजकूरच झालेला नसतो. दोन्ही एका पेटींत ठेविलीं कीं पाहणाराच्या मनांत नकळत समीकरण होतें: न बोललेलें तें काळें. माक्सिमोच्या कर्त्यांनीं हें समीकरण मोडिलें होतें. येथें तें पुन्हां जुळलें. चित्रपटाची योग्यता ह्यानें नाहींशी होत नाहीं, पण 'तुबोग सा गिंतो'च्या जुन्या मळलेल्या वाटेवर तो परत येतो खरा.

न बोलतां गेलेल्या तारुण्याचें पुढें काय होतें, ह्याचें उत्तर २०१२ च्या 'ब्वाकाव' ह्या चित्रपटांत आहे. दिग्दर्शक जुन रोब्लेस लाना. नायक रेने सत्तरीचा. आणि त्याचें काम केलें आहे तें चाळीस वर्षांपूर्वीं डॉन बेनितो झालेल्या एड्डी गार्सिया ह्यांनींच. 'ब्वाकाव' म्हणजे हांवरा. हें रेनेच्या कुत्रीचें नांव. रेने काम संपलें तरी टपालकचेरींत जात राहतो. मृत्युपत्र वरचेवर बदलतो. घरांतील जिनसा पेट्यांत घालून प्रत्येकीवर ती कोणास द्यावयाची त्याचें नांव लिहून ठेवितो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस हा मनुष्य आपल्यांतलाच वाटेल. सर्व वस्तूंची यादी चोख आहे. जी एक गोष्ट त्यानें आयुष्यभर बोलावयाची राहिली तिची तेवढी नोंद नाहीं. जिला तरुणपणीं आशेंत ठेविलें त्या आलिसियाची क्षमा मागावयास तो वृद्धाश्रमांत जातो, तर तिची स्मृतीच गेलेली. म्हातारपणीं एका तीनचाकीवाल्याविषयीं त्याचें मन धीर करितें, आणि तेथें त्यास झिडकारलें जातें. रेनेची कबुली खरी आहे, तारीख मात्र टळून गेली आहे.

चारही पिढ्यांचे हे चित्रपट एकापुढें एक ठेविले असतां आम्हांस जें दिसतें तें असें. कात्रीनें केलेली उणीव भरून काढण्याजोगी आहे: दुसरी प्रत शोधावी, न्यूयॉर्कला असली तर तेथून मिळवावी, पाठ जुळवावा. मुलाच्या ओठांवर न आलेला शब्द मात्र कोठल्याही संग्रहांत मिळावयाचा नाहीं. तेथें संशोधकाचें काम शब्द पुरविण्याचें नव्हे. मौनाच्या कडा नीट आंखून देण्याचें आहे. कोणासमोर तो गप्प राहिला, केव्हांपासून राहिला, कोणत्या भीतीनें अगर कोणत्या मायेनें राहिला, हें दाखवितां येतें. चांगल्या चित्रपटांनीं तेवढेंच केलें आहे, आणि जेथें त्यांनीं त्याहून अधिक केलें तेथें ते फसले आहेत.

ज्या मनुष्यानें आपली ओढ कोणापाशींही बोलून दाखविली नाहीं तो इतिहासास नव्हताच, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आणि त्याच्या तोंडीं आपले शब्द घालण्याचाही नाहीं. फिलिपाईन्समध्यें दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकीं बोटांवर मोजण्याइतकेच आज उरले आहेत. अंकीय प्रती तर डब्यांत पडून राहिल्यानें टिकत नाहींत. त्यांची वरचेवर नक्कल करीत राहावें लागतें. आज लिहिलेलीं कोरीं पानें उद्यां फाटलेल्यांत जमा होतील असा धोका तेथें खरोखरीच आहे, व तसें झालें म्हणजे दिग्दर्शकाचें मौन कोणतें व काळाचें कोणतें हें सांगावयास कोणी उरणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना साधी आहे. यादींत 'त्रुटित' ह्या एका रकान्याऐवजीं दोन रकाने आंखावे: एक 'नष्ट' व दुसरा 'अलिखित'. पूर्वजांच्या खाजगी पत्रव्यवहाराची बाडें लावितांना तर हें अवश्य करावें. पान फाडलेलें असेल तर शिवणींत अडकलेला तुकडा जपून ठेवावा. पान कोरें असेल तर त्यासही क्रमांक घालावा, आणि तें गाळूं नये.